नेस्टर बाबियाकचा फोन

"माझा फोन एल्मरनं चोरलाय."

सोमवारी सकाळी सोसायटीच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर नेस्टर बाबियाक हे बोलला. एल्मर दुत्का समोरच बसला होता. तो बिस्किटाचा तुकडा कॉफीत बुडवत होता. तो तुकडा कॉफीतच राहिला आणि विरघळून गेला.

दिब्रोवा गावातलं हे टेबल म्हणजे शेतकऱ्यांची रोजची बैठक. गुरं सोडली, दूध काढलं, की सात वाजता माणसं इथं जमायची आणि नऊ वाजेपर्यंत गावाची धुणी धुवायची. कुणाचं पीक करपलं, कुणाची सून माहेरी गेली, सगळं इथं निघायचं. पण माणूस समोर असताना त्याला चोर म्हणायचं नाही, एवढी एक रीत होती. तो उठून गेल्यावर काय म्हणायचं ते म्हणा. नेस्टरनं ती रीत मोडली, म्हणून सगळ्यांची तोंडं वासली.

"पुन्यांदा म्हन," एल्मर म्हणाला.

"धा येळा म्हनतो. माझा फोन तुझ्या आवारात हाय. बायकूच्या कंप्युटरवर दिसतोय. तुझ्या गोठ्याच्या मागं निळा टिपका हाय."

"टिपका?"

"व्हय, टिपका. फोन जितं आसंल तितं त्यो दिसतो. माणूस खोटं बोलंल, फोन खोटं बोलत न्हाई."

रॉय म्हणून एक म्हातारा या टेबलावर बसायचा. तीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळलेला, आणि कुणाची फजिती होणार असली की आधी खुर्ची पुढं ओढून घेणारा. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"एल्मर, तुला फोन चालवता तरी येतो व्हय रं? गेल्या साली बायकूला फोटू धाडायचा तर तू पशुवैद्याला धाडला."

टेबल हसलं. एल्मर हसला नाही. तो मुळात कमी बोलणारा गडी. राग डोक्यात गेला की मात्र सुटायचा, आणि त्याआधी त्याच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. आता ते कानापर्यंत चढले होते.

"आन् म्या त्यो कवा चोरला?"

"ते तुलाच ठावं."

"कुठनं चोरला?"

इथं नेस्टर अडखळला. कपातल्या कॉफीकडं बघत म्हणाला, "कुठनं का आसंना. तुझ्याकडं हाय, येवढं खरं."

"ठीक हाय," एल्मर उभा राहिला. "दुपारी दोनला ये. समदी या. रॉय, तू बी. मॉरिस, तू बी. घर बघा, गोठा बघा, बायकूची पेटी बघा. पोलिसाला म्या सोता फोन करतो. चोर म्हनलास न्हवं, मंग हू दे रीतसर. नेस्टर, तुझा फोन माझ्या आवारात गावला, तर पानथळीतल्या माझ्या बाजूचं समदं गवत तुझं. उभं हाय ते कापून ने, म्या काठावर बी येनार न्हाई. पर न्हाई गावला, तर माझ्या बाजूला तुझं चाक पुन्यांदा दिसलं न्हाई पायजे, आन् उद्या सकाळी ह्याच टेबलावर माफी मागायची. मोठ्यांदा."

"कबूल," नेस्टर म्हणाला. त्याला विचार करायची सवय नव्हती असं नाही. पण तो कबूल आधी करायचा आणि विचार मागाहून.

पाणथळीचं नाव निघालं आणि टेबलावरचं हसू आटलं. कारण त्या वर्षी सगळ्या गावाचा जीव गवतात अडकला होता. मे महिन्यात जी सर येऊन गेली तिच्यानंतर सस्कॅचेवान प्रांताच्या त्या मुलखात आभाळानं तोंड दाखवलं नव्हतं. कुरणं पायाखाली कुरकुर वाजायची. रस्त्यावरून गाडी गेली की अर्धा तास धूळ लोंबकळत राहायची. टोळ एवढे माजले होते की कुंपणाच्या खांबांची साल खात होते. गवताचा गठ्ठा पैसे देऊनसुद्धा मिळत नव्हता, आणि दर गुरुवारी गुरांच्या बाजारात चांगल्या दुभत्या, गाभण गाई कसायाच्या भावानं जात होत्या.

नेस्टरकडं बावन्न गाई. त्याच्या बापानं सहा गाईंवर सुरू केलेलं खिल्लार, सगळ्या एकाच वंशाच्या, लाल अंगाच्या आणि पांढऱ्या तोंडाच्या. हिवाळा सहा महिन्यांचा. कितीही हात आखडून घातलं तरी जमलेलं गवत अडतीस गाईंनाच पुरणार होतं. म्हणजे चौदा गाई विकायला लागणार होत्या, आणि त्या कुठल्या, हे ठरवायला नेस्टर तयार नव्हता. लेसिया, त्याची बायको, रोज जेवताना विचारायची, आणि तो रोज उठून हात धुवायला जायचा.

नेस्टर आणि एल्मर यांच्या शेतांच्या मधे ती पाणथळ होती. पावसाच्या वर्षी तिथं बदकं पोहायची. कोरड्या वर्षी मात्र पाणी आटून तळाशी कमरेएवढं हिरवं गवत उभं राहायचं, आणि या वर्षी मैलभरात हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं. निम्मी पाणथळ नेस्टरची, निम्मी एल्मरची. हद्द विलोच्या झुडपापासून सरळ उत्तरेला जाते, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. नेस्टरला जरा जास्तच चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं एल्मर गावात नसल्याचं बघून यंत्र बाहेर काढलं.

एल्मर आणि त्याची बायको गुरुवारी भाचीच्या लग्नाला शहरात गेली. गुरुवारी संध्याकाळी नेस्टरनं आपली बाजू कापली. कापता कापता झुडपाच्या पलीकडंही गेला. पहिल्या फेरीला तो मनाशी म्हणाला, वळायला जागा लागते. दुसऱ्या फेरीला म्हणाला, एल्मरकडं वीसच तर गाई आहेत, एवढं गवत तो काय स्वतः खाणार आहे? तिसऱ्या फेरीला काहीच म्हणाला नाही. शनिवारी गवत वाळलं. त्यानं गठ्ठे बांधले. एल्मरच्या बाजूला अकरा मोठे गोल गठ्ठे झाले, नेस्टरच्या हिरव्या जाळीत गुंडाळलेले. ते बांधताना यंत्राच्या तोंडात तळाचं ओलसर राहिलेलं गवत तीनदा तुंबलं, आणि तीनदा उतरून, वाकून, शिव्या देत त्यानं ते हातानं उपसलं. अंधार पडला म्हणून गठ्ठे तिथंच ठेवून घरी आला. उद्या उचलू म्हणाला.

रविवारी चर्चमधून आल्यावर दुपारी उशिरा तो ट्रॅक्टर घेऊन गेला. पाहतो तर अकरा गठ्ठ्यांच्या जागी अकरा दबलेले गोल उरलेले, आणि एल्मरच्या ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणा त्याच्या गोठ्याकडं गेलेल्या. एल्मर सकाळीच लग्नावरून परत आला होता.

नेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं डिझेल, आपली जाळी, आपली दोन दिवसांची मेहनत. एल्मरला चार शिव्या हासडाव्यात म्हणून त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तेव्हा कळलं की फोन गेला.

आणि तेव्हा दुसरंही कळलं, की गठ्ठ्यांबद्दल आपल्याला अवाक्षर काढता येणार नाही. माझे गठ्ठे नेले म्हणायचं तर कुठून नेले, ते सांगायला लागणार. चोरीच्या मालाची चोरी झाली तर फिर्याद कुठं द्यायची? नेस्टरनं मूग गिळले. पण ते काही पोटात राहीनात. सगळा राग फोनवर जाऊन बसला. गठ्ठे उचलायला आला तेव्हा गवतात पडलेला आपला फोन एल्मरनं उचलला आणि खिशात घातला, हे त्यानं घरी पोचेपर्यंत पक्कं केलं.

फोन साधा नव्हता. नाताळात लेसियानं दिलेला, जाड रबरी कवचाचा, शेतात पडला झडला तरी न फुटणारा. एकदा चार्ज केला की चार दिवस चालायचा, कारण नेस्टर त्याच्यावर बोलण्यापलीकडं काही करत नसे. ट्रॅक्टरनं त्याचे कान गेलेले, म्हणून घंटी सगळ्यात मोठी लावलेली. अकॉर्डियनवरची पोल्का, नाचाची धून होती ती, मुलीच्या लग्नात अख्खं गाव नाचलं होतं तीच.

लेसियानं मुलीला, तमाराला, शहरात फोन लावून विचारलं. तमारा कचेरीत काम करणारी, तिनं नीट एकेक सांगितलं. आधी फोन करून बघा. मग कंप्युटरवर जागा बघा. फोनला कुलूप लावा, कंपनीला कळवून नंबर बंद करा, पोलिसात नोंद करा. आणि टिपका कुणाच्या घरात दिसला तरी स्वतः त्या दारात जाऊन भांडू नका.

"बाबाला नीट सांग," ती म्हणाली. "भांडू नका."

"सांगते," लेसिया म्हणाली, पण तिच्या आवाजात काही जोर नव्हता. चाळीस वर्षांचा संसार होता.

लेसियानं फोन लावला तर घंटी जात होती, उचलत कुणी नव्हतं. "बघ," नेस्टर म्हणाला, "हातात धरून बसलाय आन् हासतोय." कंप्युटरवर टिपका दिसला, एल्मरच्या गोठ्यामागं. नंबर बंद करू का, लेसियानं विचारलं. "आजाबात न्हाई. वाजू दे. चोराला रातभर झोप लागाया नगं." पोलिसात कळवू का? "म्या काय मेलोय का?" असं म्हणून तो झोपायला गेला, आणि सोमवारी सकाळी नेमका टेबलावर जाऊन बसला.

दुपारी दोन वाजता एल्मरच्या आवारात सात-आठ गाड्या उभ्या होत्या. रॉय आला होता. डाकेची गाडी चालवणारा मॉरिस डाक अर्धी वाटून आला होता. एल्मरची बायको हाताची घडी घालून पायरीवर उभी होती, आणि तिनं कुणाला पाणी विचारलं नाही. त्या मुलखात हे थोबाडीत मारण्यासारखंच. पोलीस आली होती ती एक तरणी बाई, देशाच्या पूर्वेकडची, नवीन बदलून आलेली. तिनं वही काढली.

"तर फोन चोरीला गेला, अशी तुमची तक्रार आहे, बाबियाकसाहेब?"

"व्हय."

"शेवटचा तुमच्या हातात कधी होता?"

"शनवारी दुपारी."

"कुठे?"

"शेतात."

"कुठल्या शेतात?"

"माझ्या शेतात," नेस्टर म्हणाला, आणि टोपीखालचं डोकं खाजवलं. लेसिया त्याच्याकडं बघत होती. गठ्ठ्यांचं त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं.

झडती सुरू झाली. पोलीस बाई घरात गेली, स्वयंपाकघर पाहिलं, एल्मरच्या बायकोनं रागानं एकेक खण ओढून दाखवला. पेटी उघडली, तीत तिच्या आईचे भरतकामाचे रुमाल निघाले, बाकी काही नाही. एल्मरनं स्वतःचे खिसे उलटे केले. गाडी पाहिली, अवजारांची खोली पाहिली. नेस्टर प्रत्येक ठिकाणी मागं मागं जात होता आणि प्रत्येक ठिकाणाहून जरा लहान होऊन बाहेर येत होता.

"न्हाई ना?" एल्मर म्हणाला. "गोठ्यातलं शेन बी उपसून दावू का?"

"लपिवला आसशील."

"रविवारी सकाळी म्या तुला तीनदा फोन केला. उचलला न्हाईस. ज्याचा फोन म्या चोरलाय त्याला म्याच फोन करीन व्हय रं?"

"तुझ्याच खिशात वाजत आसंल."

"ह्यो मानूस," एल्मर पोलीस बाईला म्हणाला, "लहानपनी बी आसाच व्हता. शाळंत ह्याची पाटी हरवली की माझ्या पाठीवर मार."

"आन् पाटी तुझ्याच दप्तरात गावायची," नेस्टर म्हणाला.

"एकडाव."

"लेसियाबाई," पोलीस बाई मधे पडली, "तुमच्या फोनवरून लावून बघा बरं. सगळे जरा गप्प राहा."

लेसियानं फोन लावला. वारा होता, गोठ्याच्या पत्र्यावर एक तार टकटक करत होती. मग कुठून तरी, अगदी बारीक, उशीखाली दडपल्यासारखी, पोल्का ऐकू यायला लागली.

सगळे गोठ्याच्या मागं गेले. तिथं एल्मरच्या गवताची थप्पी होती. एल्मरचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले. त्यांच्या एका टोकाला अकरा गठ्ठे वेगळे उभे होते, हिरव्या जाळीतले. त्यातल्या तिसऱ्या गठ्ठ्याच्या पोटातून अकॉर्डियन वाजत होतं.

शेतकऱ्यांना सांगायला लागत नाही. शर्टाच्या खिशातला फोन वाकताना गवतात पडतो, गवताबरोबर यंत्रात जातो, आणि ज्याच्या यंत्रात जातो त्याच्या गठ्ठ्यात बांधला जातो. आणि गावात हिरवी जाळी वापरणारा माणूस एकच होता. जाळी स्वस्त मिळाली म्हणून त्यानं सोळा गुंडाळ्या आणल्या होत्या आणि त्याबद्दल कॉफीच्या टेबलावर महिनाभर बढाई मारली होती.

आपण काय केलं ते नेस्टरला गेले चार दिवस ठाऊक होतं. आता ते वाजत होतं.

"ही गाठ कुनाची, एल्मर?" रॉयनं विचारलं. त्याच्या आवाजात मध होता.

"माझ्या शेतात गावली," एल्मर म्हणाला. "पानथळीच्या माझ्या बाजूला अकरा व्हत्या. कोन द्येवमानूस यून बांधून गेला, म्या काय इचारलं न्हाई. त्याचं डिझेल, त्याची जाळी. म्या उचलून आनल्या."

मॉरिसला खोकल्याची उबळ आली आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. पोलीस बाईला गवतातलं कळत नव्हतं, पण माणसांतलं कळत होतं. तिनं वहीचं पान उलटलं.

"बाबियाकसाहेब, हा वाजतोय तो तुमचा फोन आहे का? तुमचा असेल तर आपण गठ्ठा उघडू. मग मला लिहावं लागेल, गठ्ठा कुणी बांधला, कुठल्या जमिनीवर, कुणाला विचारून. आणि नसेल, तर तुमची तक्रार इथेच मिटली."

लेसियाच्या हातातला फोन लागून लागून बंद झाला. पोल्का थांबली. तिनं नवऱ्याकडं न बघता पुन्हा लावला. पोल्का सुरू झाली.

"बोल की," एल्मर म्हणाला. "सकाळी लई आवाज व्हता. फोन खोटं बोलत न्हाई म्हनलास. ऐक, काय म्हनतोय त्यो."

नेस्टरनं थप्पीकडं पाहिलं. चर्चच्या सभागृहात, बाजारात, कॉफीच्या टेबलावर, जन्मभर ज्यांच्यात बसला ती माणसं उभी होती. गवतचोर हा शब्द त्या वर्षी माणूसमाऱ्यापेक्षा वाईट होता. त्याच्या बापाला या गावात कुणी कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"माझा न्हाई त्यो फोन."

"नेस्टर," रॉय म्हणाला, "तुझ्या पोरीच्या लग्नात ह्याच गान्यावर माझा गुडघा गेला. आजून दुखतोय."

"माझा न्हाई म्हनलं ना."

पोलीस बाईनं एकदा नेस्टरकडं, एकदा लेसियाच्या हातातल्या फोनकडं पाहिलं. मग लिहिलं, तारीख टाकली, आणि वाचून दाखवलं, "फोन मिळाला नाही. चोरीचा पुरावा नाही." नेस्टरची सही घेतली आणि ती गेली. तिच्या गाडीची धूळ आवारात बराच वेळ तरंगत राहिली.

"पैज म्या जिकली," एल्मर म्हणाला. "माझ्या आवारात फोन गावला न्हाई. पोलिसानं लिवलंय. नेस्टरची सही हाय."

"थांबा थांबा," मॉरिस म्हणाला. डाक वाटणारा माणूस, शब्द शब्दाला जपणारा. "आवारात गावला तर एल्मरची बाजू नेस्टरची, आसं ठरल्यालं. कसा गावला, कशात गावला, ते कुठं ठरलं व्हतं? ह्यो नुसता 'माझा हाय' म्हनला आसता, तर एल्मरचं समदं गवत ह्याचं झालं आसतं."

माणसांनी ते मनात फिरवून पाहिलं. खरंच होतं. अकरा गठ्ठ्यांची लाज झाकायला नेस्टरनं पाणथळीतली एल्मरची सगळी बाजू घालवली होती, चौदा गाईंचा हिवाळा घालवला होता, आणि त्याच्यावर स्वतःच्या हातानं सही केली होती. एल्मरच्याही ते आत्ताच ध्यानात आलं असावं, कारण तो मागं सरून थप्पीला टेकला. रॉय मात्र मांडीवर थाप मारून हसायला लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी त्याला थांबता येईना.

नेस्टर गाडीकडं निघाला. दार उघडून आत बसला. लेसिया आली नाही.

ती एल्मरसमोर जाऊन उभी राहिली. "चाकू दे," म्हणाली.

"कशापायी?"

"दे म्हनलं ना. तुझं गवत खात न्हाई म्या."

एल्मरनं खिशातला चाकू दिला. लेसियानं तिसऱ्या गठ्ठ्याची जाळी वरपासून खालपर्यंत फाडली आणि दोन्ही हातांनी गवत उपसायला लागली. कुणी तिला मदत करायला पुढं आलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. घट्ट दाबलेलं गवत बोटांना कापत होतं. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर तिला तो लागला. रबरी कवच चेपलेलं, काचेवर एक तडा, पण दिवा चालू. तिनं अंगावरचा कामाचा अंगरखा झाडला, फोन अंगरख्यालाच पुसला आणि गाडीजवळ येऊन खिडकीतून नवऱ्याच्या मांडीवर टाकला.

"घे. तुझा न्हाई त्यो."

नेस्टरनं फोन हातात घेतला. चुकलेले फोन एकोणतीस होते. पंचवीस लेसियाचे, एक तमाराचा. तीन एल्मरचे. आणि एक निरोप, रविवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांचा.

"त्यो नगं लावू," एल्मर तिथूनच म्हणाला. त्याला कळलं होतं.

नेस्टरचा अंगठा तोवर पडला होता. बहिऱ्या माणसाचा फोन, आवाज सगळ्यात मोठा. एल्मरचा आवाज सबंध आवारात ऐकू आला. रविवारचा आवाज होता तो, लग्नाहून आलेला, पोट भरलेला, जरा खुशीतला.

"नेस्टर, एल्मर बोलतोय. आत्ताच आलो. पानथळीच्या माझ्या बाजूला तुझ्या जाळीच्या अकरा गाठी दिसत्यात. म्या काय भांडाया फोन केला न्हाई. तुझ्याकडं गुरं लई, मला ठावं हाय. बायकूशी बोललो. आमाला हायत तेवढ्या गाठी पुरंत्यात. त्या अकरा तूच ने, आन् उभं ऱ्हायलेलं बी कापून घे. फकस्त येक फोन कर आन् इचार. इचारलंस म्हंजी झालं. दुपारपत्तूर वाट बघतो."

पुढं जरा खरखर झाली, मग एल्मरच्या बायकोचा आवाज आला, "लेसियाला म्हनावं, लग्नातला केक ठिवलाय तिच्यासाठी." मग टूं टूं वाजलं.

रॉयचं हसणं बंद झालं होतं. एल्मरची बायको पायरीवरून आत गेली आणि तिनं जाळीचं दार ओढून घेतलं.

नेस्टर गाडीतून उतरला. टोपी काढली. त्याचं कपाळ टोपीखाली पांढरं होतं आणि खालचं तोंड उन्हानं रापलेलं. त्याला बोलायचं होतं. जे गुरुवारीच बोलायला हवं होतं, जे मघाशी एका शब्दात झालं असतं, ते सगळं एकदम त्याच्या तोंडाशी आलं.

"एल्मर," तो म्हणाला, "म्या तुला इचारतो. आता इचारतो. ते उभं गवत..."

"ते रविवारचं बोलनं," एल्मर म्हणाला. "रविवारी म्या चोर न्हवतो."

त्यानं लेसियाच्या हातातून चाकू घेतला, मिटला, खिशात टाकला. फाटलेल्या गठ्ठ्यातलं सांडलेलं गवत पायानं गोळा करून थप्पीकडं लोटलं. मग पाठ करूनच म्हणाला, "उद्या सकाळी सात वाजता. टेबलावर. मोठ्यांदा म्हनायचं, रॉयला कमी ऐकू येतं."

मॉरिस उरलेली डाक वाटायला गेला. बाकीच्यांच्याही गाड्या एकेक करत निघाल्या. वळताना रॉयनं हात वर केला, पण नेस्टरनं तो पाहिला नाही.

घराकडं जाताना रस्ता पाणथळीच्या काठानं जातो. झुडपाच्या पलीकडं एल्मरचं गवत वाऱ्यावर हलत होतं, कमरेएवढं आणि हिरवं. नेस्टरनं गाडी हळू केली. लेसियाच्या बोटांवर गवतानं कापल्याचे बारीक लाल रेघोट्या उठल्या होत्या, ती बोटं ती तोंडात धरून चोखत होती. ती खिडकीबाहेर बघत होती, गवताकडं नाही, पुढं, त्यांच्या कुरणाकडं, जिथं कुंपणाच्या कडेला लाल गाई सावली शोधत उभ्या होत्या.

"गुरुवारी बाजार हाय," ती म्हणाली. "कुटल्या चौदा, ते आज सांग. हात धुवाया जाऊ नगंस."

नेस्टरनं गाडी कुरणाच्या फाटकाशी उभी केली. उतरला, फाटक उघडलं. गाईंना वाटलं चारा आला, म्हणून सगळ्या बावन्न त्याच्याकडं चालत आल्या.